पॅलेडियमच्या खाली काय, वर काय: हायड्रोजन सेन्सरचं एक प्रकरण

हायड्रोजन गळत असेल तर तो नाकाला कळत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. पेटला तरी दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ अदृश्य असते. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असलं तरी मिश्रण पेट घेऊ शकतं. पेटायला साधारण ०.०२ मिलिज्यूलची ठिणगी पुरते. मिथेनला याच्या दसपटीहून जास्त ऊर्जा लागते. इतर इंधनवायूंमध्ये वासाचं रसायन मिसळतात, तसं इथे सहज करता येत नाही, कारण त्या रसायनातलं गंधक इंधन-घटातल्या, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या उपकरणातल्या, उत्प्रेरकाला निकामी करतं. म्हणजे सगळी भिस्त सेन्सरवर.

या सेन्सरकडून अपेक्षा काय? अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची उद्दिष्टं या क्षेत्रात वारंवार पुढे ठेवली जातात: ०.१ ते १० टक्के हायड्रोजन ओळखावा, १ सेकंदाच्या आत प्रतिसाद द्यावा, उणे ३० ते ८० अंश सेल्सिअसमध्ये चालावं आणि १० वर्षं टिकावं. वाचायला सोपं वाटतं. पण या यादीतली एक अट पुरी केली की दुसरी हातातून निसटते, असाच अनुभव बराच काळ येत राहिला.

इथे मांडलेलं प्रकरण एकाच धातूचं आहे, पॅलेडियमचं. धातू शेवटपर्यंत तोच राहिला. बदलत गेला तो त्याचा पृष्ठभाग: कशावर बसवला, कशाने झाकला, शेजारी कोणता अणू ठेवला. माझं म्हणणं असं आहे की या सेन्सरची खरी प्रगती पॅलेडियम बारीक करण्यातून जितकी झाली, तितकीच, किंबहुना त्याहून जास्त, त्याला कोण कोण स्पर्श करतं हे ठरवण्यातून झाली.

धातूचा गुण आणि त्याच गुणातला दोष

पॅलेडियम हायड्रोजन शोषून घेतो, हे थॉमस ग्रॅहम यांनी १८६०च्या दशकातच दाखवलं होतं. धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतो. त्यासाठी तापवावंही लागत नाही. हायड्रोजनचा रेणू पृष्ठभागावर आला की त्याचे दोन अणू सुटे होतात आणि ते धातूच्या अणूंमधल्या मोकळ्या जागांत शिरतात. बाहेर हायड्रोजन कमी झाला की अणू परत पृष्ठभागावर येतात, जोडी जमवतात आणि निघून जातात. तापक नको, ज्वाला नको, नेहमीच्या तापमानाला चालणारी उलट-सुलट क्रिया. सेन्सर करणाऱ्याला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही.

अडचण पुढे आहे. हायड्रोजन थोडा असेल तोवर तो धातूत विखुरलेला राहतो. याला अल्फा अवस्था म्हणतात. प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की धातू एकदम दुसऱ्या अवस्थेत उडी घेतो, ती बीटा. या उडीत स्फटिकजाळीची बाजू ०.३८९ नॅनोमीटरवरून सुमारे ०.४०३ नॅनोमीटरवर जाते. आकडा क्षुल्लक दिसतो, पण तिन्ही दिशांनी धरला तर आकारमान सुमारे १० ते ११ टक्क्यांनी वाढतं. काचेवर घट्ट चिकटवलेला धातूचा थर दर वेळी इतका फुगणार आणि आकसणार असेल तर तो सुरकुततो, तडकतो, कडेने सुटू लागतो.

शिवाय उडी वर जाताना एका दाबाला होते आणि खाली येताना त्याहून कमी दाबाला. याला हिस्टेरेसिस म्हणतात. याचा व्यवहारातला अर्थ फार त्रासदायक आहे. हवेत हायड्रोजन तेवढाच असतो, पण तो वाढत वाढत तिथे आलाय की कमी होत होत, यावर सेन्सरचा आकडा बदलतो. सेन्सरला आजचं विचारावं आणि त्याने कालची आठवण मिसळून उत्तर द्यावं, तसा हा प्रकार.

तिसरी अडचण वेगाची. उडीच्या आसपास सेन्सर मंद होतो, कारण धातूला खूप हायड्रोजन आत घ्यायचा असतो आणि येण्याची वाट एकच, पृष्ठभाग. चौथी अडचण परक्या वायूंची. कार्बन मोनॉक्साइड पॅलेडियमला असा बिलगतो की हायड्रोजनला सुटं व्हायला जागाच उरत नाही. ऑक्सिजन तर हवेत सगळीकडे. तो पृष्ठभागावर बसतो, हायड्रोजनच्या अणूंशी मिळून पाणी करतो आणि आत जाऊ पाहणारा हायड्रोजन दारातच खर्च करून टाकतो.

या चारही अडचणींचं ठिकाण पाहा. फुगण्याची ताणाताणी होते धातू आणि काच यांच्या सीमेवर. मंदपणा आणि विषबाधा होते धातू आणि हवा यांच्या सीमेवर. फक्त हिस्टेरेसिस काय तो धातूच्या पोटातला.

तडा हाच सेन्सर

२००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या रेजिनाल्ड पेनर यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. मला या प्रकरणातला हा सगळ्यात देखणा भाग वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

ग्रॅफाइटचा पृष्ठभाग वरवर सपाट दिसतो, पण अणूंच्या पातळीवर त्यावर पायऱ्या असतात. विद्युत-निक्षेपाने, म्हणजे द्रावणातून वीज सोडून, पॅलेडियम चढवला की तो या पायऱ्यांच्या कडांवर आधी साचतो आणि कडेकडेने बारीक तारा तयार होतात, एकमेकींना समांतर. या तारा ग्रॅफाइटला फारशा धरून नसतात. मग काचेवर सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, लावून तो तारांवर दाबायचा आणि उचलायचा. तारा गोंदासकट काचेवर येतात. दोन टोकांना विद्युत-जोडणी दिली की झाला सेन्सर.

आता पहिल्यांदा हायड्रोजन सोडला. धातूचे कण फुगले. हायड्रोजन काढून घेतला, कण आकसले, आणि आकसताना तारेत जागोजागी नॅनोमीटरच्या मापाच्या फटी पडल्या. सामान्य बुद्धी म्हणेल, तार तुटली, सेन्सर गेला. पण पुढच्या वेळी हायड्रोजन आला तेव्हा कण पुन्हा फुगले, फटी मिटल्या आणि वीज वाहू लागली. हायड्रोजन गेला की फटी उघडल्या, रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढला. काही सेन्सरमध्ये तर हायड्रोजन नसताना प्रवाह पूर्ण बंदच व्हायचा. तो सेन्सर कसला, सरळ बटणच.

यातली खरी गंमत दिशेची आहे. अखंड पॅलेडियममध्ये हायड्रोजन शिरला की रोध वाढतो, कारण शिरलेले अणू इलेक्ट्रॉनांच्या वाटेत येतात. पूर्ण भरलेल्या धातूत रोध पावणेदोन पटीच्या आसपास जातो. तुटलेल्या तारेत नेमकं उलट, रोध कमी होतो. धातू तोच आणि वायूही तोच, फक्त मध्ये फट आली आणि संकेताचं चिन्हच पालटलं. प्रतिसाद ७५ मिलिसेकंदांच्या आत मिळत होता, आणि २ ते १० टक्के या पट्ट्यात रोधाचं हायड्रोजनच्या प्रमाणाशी नातं लागत होतं.

पण २ टक्क्यांच्या खाली काही नाही. कारण सरळ आहे. नेहमीच्या तापमानाला बीटा अवस्थेची उडी साधारण त्या सुमारास होते. उडी नाही तर पुरेसं फुगणं नाही, पुरेसं फुगणं नाही तर फट मिटत नाही. हायड्रोजन ४ टक्क्यांना पेटतो हे लक्षात घेतलं तर २ टक्क्यांना पहिला शब्द काढणारा पहारेकरी फार उशिरा जागा होणारा आहे.

खालचा एक रेणू-जाड थर

यावर एक उत्तर आलं ते अमेरिकेतल्याच आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतून, २००५ मध्ये. तारांच्या ऐवजी त्यांनी काचेवर पॅलेडियमचा अवघा ३.३ नॅनोमीटर जाडीचा थर दिला. इतका पातळ थर सलग चादरीसारखा नसतो. ती छोट्या छोट्या पुंजक्यांची वस्ती असते आणि मध्ये गल्ल्या असतात. पुंजके फुगले की गल्ल्या मिटतात. कल्पना तीच, फट मिटण्याची.

युक्ती होती ती काचेवर. पॅलेडियम देण्याआधी त्यांनी काचेवर सायलोक्सेनच्या रेणूंचा स्वयंरचित, म्हणजे आपोआप जुळून बसणारा, थर बसवला. या थराची जाडी म्हणजे एका रेणूची उंची. रेणूंचं एक टोक काचेला पकडतं, दुसरं वर राहतं, आणि ते पॅलेडियमला फारसं चिकटू देत नाही. थेट काचेवर बसलेला पॅलेडियमचा पुंजका पायाला धरून ठेवल्यासारखा असतो. त्याला फुगायचं असलं तरी खालची बाजू सुटत नाही. मध्ये हा निसरडा थर आला आणि पुंजके बारीक पडले, त्यांच्यातल्या गल्ल्याही तशाच बारीक झाल्या, आणि पाय मोकळे झाल्यामुळे थोड्याशा फुगण्यानेही शेजारी शेजाऱ्याला टेकू लागला. हा सेन्सर दशलक्षात २५ भाग, म्हणजे २५ पीपीएम हायड्रोजन ओळखत होता आणि प्रतिसाद मिलिसेकंदांतच राहिला.

२ टक्के म्हणजे २०,००० पीपीएम. तिथून २५ पीपीएमपर्यंतचं अंतर पार करायला पुंजक्यांच्या बारीकपणाने मदत केली खरी, पण तो बारीकपणाही खालच्या थरानेच घडवलेला होता. नॅनोपदार्थांविषयी बोलताना आपण कणाच्या आकारावर इतकं बोलतो की कण कशावर बसलाय हे विचारायचं राहून जातं. मला वाटतं, हा प्रश्न पहिला विचारायला हवा.

वरची चाळण

फटींवर चालणाऱ्या सेन्सरची एक मूळ कमजोरी मात्र जात नाही: फट कुठे पडेल, किती रुंद होईल, हे कोणी ठरवलेलं नसतं. दोन सेन्सर सारखे निघत नाहीत आणि एकच सेन्सर शंभर फेऱ्यांनंतर तसाच राहील याची हमी नसते. म्हणून अर्व्हाइनचाच गट पुढे उलट्या दिशेने गेला. २००९ मध्ये त्यांनी साच्यात वाढवलेली, न तडकणारी एकेक तार वापरली आणि रोधाच्या साध्या वाढीवरच विसंबले. पल्ला थेट २ पीपीएमपासून १० टक्क्यांपर्यंत पोहोचला. किंमत मोजावी लागली ती वेगात. फट नाही म्हणजे फटीची झटपट हालचालही नाही. अवस्था-बदलाच्या आसपास, १ टक्क्याच्या सुमाराला, तार रेंगाळायची.

हवेतल्या ऑक्सिजनने हे रेंगाळणं आणखी वाढतं. २०१७ मध्ये कोरियातली कायस्ट ही संस्था आणि अर्व्हाइनचा गट यांनी मिळून पॅलेडियमच्या नॅनोतारांवर झिफ-८ नावाच्या पदार्थाचं कवच चढवलं. जस्ताचे आयन आणि मिथिल-इमिडॅझोलचे रेणू यांच्या जोडणीतून हा सच्छिद्र स्फटिक होतो. त्याच्या छिद्रांची तोंडं सुमारे ०.३४ नॅनोमीटरची. आता रेणूंची मापं बघा: हायड्रोजन ०.२८९, ऑक्सिजन ०.३४६, नायट्रोजन ०.३६४ नॅनोमीटर. हायड्रोजन आरामात जातो, बाकीचे दारात अडखळतात. अडखळतात म्हणालो, अडतात नाही, कारण या स्फटिकाची चौकट थोडी लवचीक असते आणि छिद्राचं तोंड किंचित मागेपुढे होतं. पण तारेच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची गर्दी कमी व्हायला तेवढं पुरलं.

परिणाम: हवेत १ टक्का हायड्रोजनला उघड्या तारेला प्रतिसाद द्यायला १६४ सेकंद लागत होते, कवचवाल्या तारेला ७. हायड्रोजन गेल्यावर मूळ स्थितीला यायला २२९ सेकंद लागत होते, ते १० वर आले. तारेच्या आतल्या धातूला कोणी हातही लावला नव्हता. संकेताची उंची मात्र थोडी घटली, हेही सांगायला हवं.

वाचकांनी इथे एक गोष्ट मनात पक्की करावी. १६४ सेकंदांचा आकडा हवेतला आहे. शुद्ध नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात घेतलेली मापं कितीतरी चांगली दिसतात, कारण तिथे ऑक्सिजनची स्पर्धाच नसते. कोणत्याही सेन्सरचा वेग सांगणारा तक्ता समोर आला की आधी तो कोणत्या वायूच्या पार्श्वभूमीवर मोजलाय ते पाहावं. ते लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

सोनं आत, बहुवारिक बाहेर

राहिला तो पोटातला दोष, हिस्टेरेसिस. त्यावरचा उपाय वरून लावता येत नाही, धातूतच मिसळावा लागतो. पॅलेडियममध्ये सोनं मिसळलं की स्फटिकजाळी आधीच थोडी सैल होते आणि अल्फा-बीटाची ती उडी सौम्य होत जाते. सोन्याचं प्रमाण सुमारे २५ टक्के झालं की नेहमीच्या तापमानाला उडी उरतच नाही. हायड्रोजन वाढला की संकेत वाढतो, कमी झाला की त्याच वाटेने खाली येतो. मोबदल्यात मिश्रधातू एकूण हायड्रोजन कमी घेतो, म्हणून जास्त दाबाला संकेत लहान होतो. पण आपल्याला गळतीची पहिली चाहूल हवी आहे, टाकीतला साठा मोजायचा नाही. हा सौदा नक्कीच फायद्याचा.

स्वीडनमधल्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठात क्रिस्टोफ लांगहामर यांच्या गटाने याच मिश्रधातूचे नॅनोकण घेऊन प्रकाशावर चालणारा सेन्सर केला. धातूच्या नॅनोकणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या एका ठराविक तरंगलांबीला सामूहिकपणे हेलकावे घेतात. हायड्रोजन आत शिरला की ही तरंगलांबी सरकते. ते सरकणं मोजायचं. मोजायच्या जागी वीजच न्यायची नाही, फक्त प्रकाश. ठिणगीची भीती असलेल्या ठिकाणी ही गोष्ट लाखमोलाची आहे.

कण घेण्याचं दुसरं कारण साध्या भूमितीचं. हायड्रोजन पृष्ठभागातून येतो आणि आकारमानात भरतो. गोल कणाचं आकारमान आणि पृष्ठभाग यांचं गुणोत्तर व्यासाच्या सहाव्या भागाइतकं असतं. व्यास निम्मा केला की दर चौरस नॅनोमीटर दारामागे भरायची खोली निम्मी होते. इथे बारीक असणं खरोखरच कामी येतं.

पण २०१९ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आलेल्या त्यांच्या कामातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळा आहे. त्यांनी कणांवर बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, पातळ थर दिले. आपल्याला वाटेल, झाकलं म्हणजे वाट अडवली, सेन्सर मंदावणार. झालं उलट. टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, चढवल्यावर हायड्रोजनचं आत-बाहेर होणं जलद झालं. धातूच्या पृष्ठभागावरून खालच्या थरात उतरताना हायड्रोजनला ऊर्जेचा जो उंबरठा ओलांडावा लागतो, तो बहुवारिकाच्या स्पर्शाने कमी होतो. म्हणजे थर नुसतं पांघरूण नव्हता. त्याने धातूच्या वरच्या अणूंचं वागणं बदललं.

दुसरा थर पीएमएमएचा, म्हणजे ज्याचा अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक पत्रा करतात त्याच पदार्थाचा. त्याचं काम पहारा देण्याचं. हायड्रोजन त्यातून जातो; ०.३७६ नॅनोमीटरचा कार्बन मोनॉक्साइड मागे राहतो. एक थर वेग देणारा, दुसरा विष रोखणारा, आणि आत सोनं मिसळलेला कण. या तिहेरी रचनेने १ सेकंदाच्या आत प्रतिसाद दिला आणि १ पीपीएमपेक्षा कमी हायड्रोजनही ओळखला. प्रकरणाच्या सुरुवातीला मांडलेली वेगाची अट इथे खोलीच्या तापमानाला पुरी झाली.

अजून अडतंय कुठे

अडतंय ते पाण्यापाशी. पाण्याच्या रेणूचं माप ०.२६५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हायड्रोजनहूनही लहान. नुसत्या मापावर चाळणारी चाळणी पाण्याला अडवूच शकत नाही. त्यातून इंधन-घटाचं उत्सर्जन म्हणजेच पाणी, त्यामुळे जिथे हा सेन्सर बसवायचा तिथली हवा दमट असणारच. यासाठी मापावर नव्हे, तर पाण्याच्या नावडीवर चालणारा थर हवा. टेफ्लॉनला पाणी आवडत नाही हे खरं, पण वाफेचे सुटे रेणू आणि पाण्याचे थेंब यांना एकाच मापाने तोलून चालत नाही. थेंब घरंगळून जातो म्हणून वाफ शिरणारच नाही, असं म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट थराच्या अखंडपणाची. निसरडा थर, चाळण, बहुवारिक, काहीही असो, ते नॅनोमीटरमध्ये मोजायचं म्हणजे एक सूक्ष्म छिद्रसुद्धा पुरेसं असतं. कण दर फेरीत फुगतो आणि आकसतो, वरचा थर त्याच्याबरोबर ताणला जातो. सोन्यामुळे फुगणं कमी झालं, त्याचा हा आणखी एक फायदा: वरच्या थराला कमी ओढ बसते. तरी हजारो फेऱ्यांनंतर कण आणि थर यांच्या सीमेवर काय उरतं, हे नव्या सेन्सरवर घेतलेल्या पहिल्या दहा फेऱ्यांतून कळणार नाही. म्हणून अशा सेन्सरची चाचणी घेताना मी वेगाच्या आधी हे करेन: दमट हवेत, थोडा कार्बन मोनॉक्साइड सोडून, फेऱ्यांमागून फेऱ्या चालवायच्या, आणि दर काही फेऱ्यांनी ०.१ टक्का हायड्रोजनचा तोच एक ठोका देऊन पाहायचं की उत्तर पहिल्या दिवसाइतकंच येतंय का.